पोटरी : पायातील दुसरे हृदय

रात्रभराचा मोटारप्रवास करून सकाळी स्थानकावर उतरणारी माणसे एकदा न्याहाळून पाहावीत. कोणी कंबरेवर हात ठेवून सरळ होऊ पाहतो, कोणी एका पायावर भार देऊन दुसरा झाडतो, आणि काल सायंकाळी सैल असलेली चप्पल आज पायात शिरत नाही म्हणून एखाद्या आजीबाई ती हातात घेऊनच चालू लागतात. “बसून बसून पाय भरून आले,” एवढेच सारे म्हणतात आणि चहाच्या शोधात निघतात. घटकाभरात पाय हलके होतात आणि गोष्ट विसरली जाते. बहुतेकांच्या बाबतीत ती विसरण्याजोगीच असते. काहींच्या बाबतीत मात्र ती तशी नसते. म्हणूनच आज हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रवासाचेच निमित्त कशाला हवे? बसून करावयाची कामे आता आपल्या गावांतही वाढली आहेत. निपाणीच्या बाजूस मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या भगिनी तासन् तास एका बैठकीत काढतात. शिंपी, हिशेबनीस, कचेरीतील कारकून, मालमोटारीचा चालक, परीक्षेच्या दिवसांत पुस्तकापुढे बसलेला विद्यार्थी, संगणकापुढे बसलेली लेक, आणि गुडघे दुखतात म्हणून दिवसाचा बराच भाग खुर्चीत पाय लोंबत ठेवून घालविणारे आजोबा, या साऱ्यांची गोष्ट एकच आहे. त्यांचे हात वा डोळे काम करीत असतात. पाय मात्र स्तब्ध असतात. आणि पाय स्तब्ध राहिले म्हणजे शरीरातील एक मोठे काम मंदावते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रक्त खाली जाते. वर कोण आणतो?

हृदय रक्ताला जोराने पुढे ढकलते. रोहिण्यांच्या वाटेने ते पायांच्या बोटांपर्यंत सहज पोचते. तेथून नीलांच्या वाटेने त्याला परत वर यावयाचे असते, आणि ही वाट चढाची आहे. केसांहूनही बारीक अशा केशवाहिन्यांच्या जाळ्यातून बाहेर पडेपर्यंत हृदयाने दिलेला रेटा बहुतेक सरलेला असतो. विहिरीतले पाणी आपण होऊन पाटात येत नाही. पूर्वी त्यासाठी मोट हाकावी लागे, आता पंप लावावा लागतो. पायांतील रक्ताचा पंप म्हणजे आपली पोटरी होय.

पोटरीच्या स्नायूंमधून खोलवरच्या नीला जातात. आपण पाऊल टाकतो तेव्हा पोटरी आवळते, त्या नीला पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. पोटरी सैल पडली की खालचे रक्त त्या रिकाम्या झालेल्या जागेत शिरते. वर गेलेले रक्त पुन्हा खाली घसरू नये म्हणून नीलांच्या आत जागोजाग लहान लहान झडपा आहेत; त्या एकाच बाजूस उघडतात. इटलीतील पादुआच्या विद्यापीठात फाब्रिसियुस नावाचे आचार्य होते. त्यांनी १६०३ मध्ये या झडपांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ मध्ये रक्त शरीरात चक्राकार फिरते हा सिद्धान्त जगापुढे मांडला, आणि त्याच्या पुराव्यात या झडपांना मोठे स्थान होते. गुरूने दारे पाहिली. ती कोणीकडे उघडतात याचा अर्थ शिष्याने लावला.

पोटरीचे काम किती मोलाचे आहे, हे एका साध्या मापाने कळेल. माणूस न हलता उभा राहिला असता त्याच्या घोट्याजवळच्या नीलेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर स्तंभाएवढा असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच तो ३० च्या आसपास उतरतो. हृदय तेच आणि रक्तही तेच. फरक काय तो पोटरी कामाला लागल्याचा. म्हणूनच वैद्यकात पोटरीला ‘दुसरे हृदय’ म्हणण्याचा प्रघात पडला. मात्र या दोहोंत एक मोठा भेद आहे. पहिले हृदय आपण झोपलो तरी चालते. दुसरे आपण चालविले तरच चालते.

बसल्यावर काय बिघडते?

खुर्चीत किंवा मोटारीच्या बाकावर बसलो म्हणजे पाय खाली लोंबतात, गुडघा आणि जांघ दुमडलेली राहते, आणि बाकाची कड मांडीच्या मागील बाजूस रुतते. पोटरी निजल्यासारखी होते. रक्त खाली साचू लागते, नीलांतील दाब वाढतो, आणि रक्तातील पाण्याचा अंश केशवाहिन्यांतून झिरपून घोट्याभोवतीच्या मांसात उतरतो. आजीबाईंची चप्पल अडते ती यामुळे. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील आणि चालल्यावर वा रात्रभर निजल्यावर ती सूज ओसरत असेल, तर सहसा काळजीचे कारण नसते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तेव्हा “रक्त अडले” असे आपण म्हणतो. पण मुंग्या येतात त्या मुख्यतः मज्जातंतूवर दाब पडल्यामुळे. पाय मोकळा केला की त्या जातात. मुंग्या म्हणजे शरीराने केलेली बोंब होय. ती ऐकून आपण बैठक बदलतो. रक्त साचण्याची खूण मात्र इतकी बोलकी नसते. ते मुकाट्याने साचत राहते.

नीलांचीच नव्हे, तर रोहिण्यांचीही यात हानी होते. निरोगी रोहिणी रक्ताचा लोंढा वाढला की रुंदावते; हा तिचा लवचिकपणा हृदयाच्या आरोग्याला फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी काही निरोगी तरुणांना सलग तीन तास बसवून ठेवले, तेव्हा मांडीतील रोहिणीचा हा गुण पहिल्या तासातच मंदावल्याचे त्यांना दिसले. त्याच तरुणांना दुसऱ्या दिवशी दर तासात ५ मिनिटे सावकाश चालविले. त्या दिवशी तो गुण मंदावला नाही. हे संशोधन २०१४ मध्ये लोकांपुढे आले. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की, येथे धावणे नव्हते, घाम गाळणे नव्हते. अंगणात फेरी मारावी तेवढेच चालणे होते.

लंडनच्या तळघरांतील धडा

साचलेले रक्त कधी कधी गोठते आणि नीलेत त्याची गुठळी बनते. रक्त आत का गोठते, याचा विचार रुडोल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने १८५६ च्या सुमारास केला. प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या अस्तरास इजा होणे, आणि रक्तातच गोठण्याची वृत्ती वाढणे, अशी तीन कारणे आज त्याच्या नावाने ओळखली जातात. बराच वेळ स्तब्ध बसण्याने पहिले कारण तर निश्चितच उत्पन्न होते. पायातील गुठळीने पाय दुखतो आणि सुजतो. परंतु खरा धोका पुढे आहे. गुठळीचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वर गेला तर तो हृदयातून फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकतो. तुकडा मोठा असला तर क्षणांत प्राण जाऊ शकतो.

केवळ बसण्याने असे होऊ शकते, हे जगाच्या ध्यानात आले ते दुसऱ्या महायुद्धात. १९४० मध्ये लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडत होते आणि लोक भुयारांत व तळघरांत आश्रय घेत होते. तेथे निजण्यास जागा नसे. पुष्कळांनी कापडी आरामखुर्च्या नेल्या होत्या आणि रात्रभर ते त्यांतच बसून राहत. त्या खुर्चीची पुढील लाकडी दांडी मांडीच्या मागे रुतत असे. शवविच्छेदन करणारे डॉक्टर कीथ सिम्प्सन यांना त्या दिवसांत फुप्फुसात गुठळी अडकून मेलेल्यांची, विशेषतः वयस्क माणसांची, संख्या एकाएकी वाढलेली दिसली. त्याच वर्षी त्यांनी ती गोष्ट ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणली. पुढे आश्रयस्थानांत निजण्यासाठी फळ्यांचे बिछाने बसविण्यात आले. बाँबपासून वाचलेली माणसे खुर्चीत बसल्याने दगावावीत, यापरते दुर्दैव कोणते?

१९५४ मध्ये बोस्टनचे शस्त्रवैद्य जॉन होमन्स यांनी असेच काही रुग्ण वर्णन केले. कोणी विमानातून आला होता, कोणी मोटारीतून, आणि एकजण तर केवळ नाट्यगृहात बसला होता. म्हणजे दोष विमानाचा नव्हे, बैठकीचा! अलीकडचे उदाहरण जपानचे आहे. २००४ मध्ये निईगाता प्रांतात मोठा भूकंप झाला. पुन्हा धक्के बसतील या भीतीने अनेक कुटुंबे आपापल्या मोटारीतच रात्री काढू लागली, आणि त्यांपैकी काही माणसे याच कारणाने मृत्यू पावली. तेव्हापासून तेथे आपत्तीच्या वेळी लोकांना पाय हलविण्याची सूचना आवर्जून दिली जाते.

हे वाचून कोणी प्रवासच टाळू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आपल्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विमान असो, आगगाडी असो, बस असो वा मोटार असो, ४ तासांहून अधिक काळ न हलता बसलेल्या प्रवाशाला गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो असे त्यांत म्हटले आहे. परंतु मुळातला धोकाच लहान असल्याने तो दुप्पट होऊनही सुमारे ६००० प्रवाशांत एक, एवढाच राहतो. मात्र हा धोका प्रवास संपताच संपत नाही. तो सुमारे ४ आठवडे रेंगाळतो. तेव्हा भिण्याचे कारण नाही. सावध असण्याचे आहे. आणि काही माणसांनी इतरांपेक्षा अधिक सावध असले पाहिजे.

अधिक जपावे कोणी?

ज्यांना पूर्वी एकदा गुठळी झाली आहे, किंवा ज्यांच्या आईबापांना वा भावंडांना झाली आहे. ज्यांची नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली आहे. ज्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे. ज्यांना कर्करोग आहे. जे फार स्थूल आहेत किंवा वयाने थकले आहेत. ज्या स्त्रिया संप्रेरकांच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेत आहेत. आणि ज्या गरोदर आहेत. या सर्वांनी लांबच्या प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

बाळंतिणींविषयी तर आम्हांस मुद्दाम लिहावेसे वाटते. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे या दृष्टीने विशेष जोखमीचे असतात. निसर्गाने रक्तस्राव आवरण्यासाठी या काळात रक्ताची गोठण्याची शक्ती वाढवून ठेवलेली असते. आणि नेमक्या याच काळात आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला बाजेवरून हलू देत नाहीत. तिला विश्रांती अवश्य द्यावी. जड कामे करू देऊ नयेत. पण विश्रांती म्हणजे निश्चलता नव्हे. डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला दिवसातून अनेक वेळा घरातल्या घरात चालू द्यावे, आणि बाजेवर असतानाही पावले खालीवर करण्यास सांगावे. सासूबाईंनी हे मनावर घेतले तर ते सुनेवर मोठेच उपकार होतील.

उंचीने लहान असलेल्यांनाही एक अडचण असते. बाक उंच असले की त्यांची पावले जमिनीला नीट टेकत नाहीत आणि सारा भार बाकाच्या कडेवर, गुडघ्यामागे येतो. उपाय सोपा आहे. पायांखाली एखादी पिशवी किंवा घरी असल्यास लाकडी पाट ठेवावा, म्हणजे मांडीखालचा दाब हलका होतो.

पूर्वीच्या कामांत पाय होते

आपल्या जुन्या उद्योगांकडे या नजरेने पाहिले म्हणजे मौज वाटते. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील विणकर खड्डामागावर बसत असे. तो बसलेलाच असे खरा, पण पायांखालच्या दांड्या आळीपाळीने दाबल्यावाचून त्याचे वस्त्र पुढे सरकत नसे. पायाने चालणाऱ्या शिवणयंत्रावरही तसेच. टाच वर, बोटे खाली, बोटे वर, टाच खाली, असे घोट्याचे काम दिवसभर चाले आणि त्याबरोबर नकळत पोटरीही राबे. आता यंत्राला विजेची मोटर बसली. शिवण झपाट्याने होऊ लागली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पाऊल मात्र एका बटणावर नुसते टेकलेले राहते. यंत्राने पायाचे काम घेतले. ते पायाला परत देणे आता आपल्या हाती आहे.

बसल्या जागी पाय हलविणारे मूल आपल्याकडे हमखास बोलणी खाते. पाय हलविणे असभ्यपणाचे, आणि काहींच्या मते अशुभही. परंतु २०१६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठात एक गमतीदार प्रयोग झाला. ११ निरोगी तरुणांना तीन तास बसविले आणि त्यांना एकच पाय मधून मधून हलविण्यास सांगितले. एक मिनिट हालचाल, मग चार मिनिटे विसावा. दुसरा पाय अगदी स्तब्ध ठेवावयाचा. तीन तासांनंतर स्तब्ध ठेवलेल्या पायाच्या गुडघ्यामागील रोहिणीचा लवचिकपणा घटलेला आढळला; हलविलेल्या पायाचा मात्र उलट सुधारलेला आढळला. माणूस एकच, खुर्ची एकच, वेळही एकच! पाहुण्यांसमोर शिष्टाचार अवश्य पाळावा. पण अभ्यासाला बसलेल्या मुलाचा पाय हलत असेल तर त्याला रागे भरण्यापूर्वी आईने हा प्रयोग आठवावा.

करावयाचे काय?

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. यांतील एकालाही पैसा लागत नाही.

पहिला उपाय उठण्याचा. बसून काम करणाऱ्याने तासातून एकदा तरी उठून ५ मिनिटे चालावे. पाणी पिण्याचे भांडे हाताशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकास ठेवले तर तहानच आपल्याला उठविते. मोटार चालविणाऱ्याने दर दोन तासांनी गाडी बाजूस घेऊन खाली उतरावे. डोळ्यांनाही त्याचा लाभ होतो. देवळात मिस्सेच्या वेळी आपण उभे राहतो, बसतो, गुडघे टेकतो, पुन्हा उभे राहतो. ती भक्तीची रीत आहे. पण तिच्यात पायांचेही हित साधते, हे सांगण्यास हरकत नसावी.

दुसरा उपाय, उठता येत नसेल तेव्हाचा. दर अर्ध्या तासाने पुढील हालचाली कराव्यात. टाचा जमिनीवर टेकवून बोटे वर उचलावीत. मग बोटे टेकवून टाचा उचलाव्यात. असे वीस वेळा. नंतर एकेक पाऊल किंचित उचलून घोट्यातून दहा वेळा उजवीकडून व दहा वेळा डावीकडून फिरवावे. मग गुडघा सरळ करून पाय पुढे ताणावा, पाच अंक मोजावेत आणि खाली ठेवावा. शेवटी चारपाच दीर्घ श्वास घ्यावेत. दीर्घ श्वासानेही पोटातील व छातीतील दाब बदलून नीलांतील रक्त वर ओढले जाते. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या भगिनींनी पाय लांब पसरावेत, बोटे आपल्याकडे ओढावीत आणि मग दूर लोटावीत. या साऱ्याला दोन-तीन मिनिटेही पुरतात.

तिसरा उपाय जागेचा. मोटारीत पायांपुढे गाठोडी व डबे रचून ठेवण्याची आपली सवय वाईट आहे. पावले हलण्यास जागाच उरत नाही. सामान वर किंवा मागे ठेवावे. कंबरेला, जांघेला वा पोटरीला आवळणारे कपडे घालू नयेत. झोपेची गोळी घेऊन किंवा दारू पिऊन प्रवासात निजू नये. तशा गाढ झोपेत माणूस तासन् तास कूसही बदलत नाही.

चौथा उपाय पाण्याचा. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून आपल्या भगिनी प्रवासात पाणीच पीत नाहीत. ही लाजेची नव्हे, सोयीची गोष्ट आहे, आणि ती सोय पाहणे प्रवास ठरविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. पाणी बेताने पीत राहावे. त्यासाठी उतरावे लागले तर तेवढेच चालणे होते. एका कृतीने दोन लाभ पदरी पडतात.

पाचवा उपाय घरातील वृद्धांसाठी. दुपारी अर्धा तास त्यांनी आडवे होऊन पायांखाली उशी घ्यावी, म्हणजे पावले छातीच्या पातळीहून किंचित वर राहतील. मात्र आडवे होताच ज्यांना धाप लागते त्यांनी हे करू नये. त्यांनी डॉक्टरांना दाखवावे. दोन्ही पाय रोजच सुजत असतील, तर दोष बसण्याचा आहे असे गृहीत धरू नये. हृदय, मूत्रपिंडे वा यकृत यांच्या विकारांतही पाय सुजतात, आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही सुजतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी.

पायांना घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारे मोजे औषधांच्या दुकानांत मिळतात. लांबच्या विमानप्रवासात अशा मोज्यांनी लक्षणांवाचून होणाऱ्या गुठळ्या व पायांची सूज कमी होते, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून सिद्ध झाले आहे. ज्यांना धोका अधिक आहे त्यांना ते उपयोगी पडतात. पण ज्यांच्या पायांच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत किंवा मधुमेहाने ज्यांची पावले बधिर झाली आहेत, त्यांना ते अपाय करू शकतात. म्हणून विचारल्यावाचून घेऊ नयेत. ‘रक्त पातळ व्हावे’ म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी आपल्या मनाने खाण्याचेही काही जणांस सुचते. तसे करू नये. तिने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

एकच पाय सुजला तर

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती वाचकांनी घरातील सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.

लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर काही दिवसांनी वा आठवड्यांनी एकच पाय सुजला, त्याची पोटरी दुखू लागली, ती हाताला कढत लागली किंवा तांबूस-निळसर दिसू लागली, तर ती गुठळी असण्याचा संभव आहे. अशा वेळी आपल्याकडे प्रथम काय करतात? तेल कोमट करून पाय चोळतात. प्रेमाने केलेली ही सेवा जिवावर बेतू शकते. चोळण्याने गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाण्याचे भय असते. तेव्हा असा पाय चोळू नये, रगडू नये, वैदूकडून ओढून घेऊ नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सोनोग्राफीच्या यंत्राने पायातील रक्ताचा प्रवाह पाहून गुठळी आहे की नाही हे न टोचता, न दुखविता कळते. असल्यास रक्त गोठू न देणारी औषधे देतात. ती बहुधा तीन महिने तरी घ्यावी लागतात, आणि वेळेवर घेतली तर बहुतेक रुग्ण पुन्हा आपल्या कामाला लागतात.

आणि एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ येऊ लागली, खोकल्यातून रक्त पडले किंवा माणूस चक्कर येऊन कोसळला, तर उद्याची वाट पाहू नये. त्याला मिळेल त्या वाहनाने थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे. १०८ हा क्रमांक फिरवून रुग्णवाहिका बोलावता येते. तेथे पोचल्यावर “हा माणूस दोन दिवसांपूर्वी इतके तास बसून प्रवास करून आला आहे” हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. हे एक वाक्य निदानाची वाट जवळ करते.

यात्रेच्या मोटारीसाठी एक सूचना

दरवर्षी २९ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वेलांकणीची मोठी यात्रा भरते. आपल्या भागातून, गोव्यातून आणि त्याही पलीकडून कुटुंबेच्या कुटुंबे तिला जातात. तो प्रवास एका रात्रीत संपणारा नाही. मोटारीत आजीआजोबा असतात, लेकुरवाळ्या असतात, आणि नवस फेडण्याच्या उत्साहात कोणाला पायांची आठवण राहत नाही.

आमची सूचना अशी की, ज्याप्रमाणे मोटारीत एकजण जेवणाची व एकजण हिशेबाची व्यवस्था पाहतो, त्याप्रमाणे एकाने पायांची व्यवस्था पाहावी. दर दोन-तीन तासांनी सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी आणि सर्वांना, विशेषतः “मी बसते येथेच, तुम्ही जा” म्हणणाऱ्या आजीबाईंना, हात धरून खाली उतरवावे. वाटेत रोझरी म्हटली जातेच. एक रहस्य संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी साऱ्यांनी टाचा व बोटे वीस वेळा खालीवर करावीत. रोझरी पूर्ण होईतो पावले ऐंशी वेळा तरी हललेली असतील. तेवढ्याने प्रार्थनेला उणेपणा येत नाही, आणि मोटारीतून उतरताना आजीबाईंची चप्पल हातात नव्हे, पायात असण्याचा संभव पुष्कळ वाढतो.